खलनायकाची श्रद्धा

श्रोतेहो, नमस्कार.

दुष्काळात सापडलेल्या गावातले धान्याचे कोठार आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून दारात बसलेला कोठावळा डोळ्यांसमोर आणा. बाहेर लोक उपाशी आहेत, आत पोती रचलेली आहेत, तरी हा दार उघडत नाही. तो लोभी आहे, एवढेच लेखकाने सांगितले तर पात्र तिथेच संपते. पण लहानपणी अशाच धान्यवाटपाच्या वेळी उसळलेल्या गर्दीत त्याची धाकटी बहीण चेंगरून मेली होती, आणि दार सताड उघडले की आधी दुबळेच तुडवले जातात ही गोष्ट त्याच्या मनात तेव्हापासून घट्ट बसली आहे, असे कळले की आपण अस्वस्थ होतो. कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य असते. एका दिवसाचे सत्य त्याने सर्व काळासाठी नियम करून टाकले, ही त्याची चूक.

हा नियम तो स्वतःला कसा पटवत राहतो? ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली बालगुन्हेगारांच्या आत्मसमर्थनाच्या पाच तऱ्हा मांडल्या: माझा नाइलाज होता, कोणाचे फारसे बिघडले नाही, त्याची तीच लायकी होती, बोट दाखवणारेच कुठे धुतल्या तांदळाचे आहेत, आणि मी हे आपल्या माणसांसाठी केले. संवाद लिहिणाऱ्याने ही वाक्ये कानात साठवावीत.

मात्र सबब आणि श्रद्धा यांत अंतर आहे, आणि माझ्या मते खरी कसोटी इथेच लागते. श्रद्धेची किंमत माणूस स्वतः मोजतो. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ या १८६२ सालच्या कादंबरीत तुरुंगात जन्मलेला पोलीस अधिकारी जाव्हेर कायद्यालाच सर्वस्व मानतो, आणि आपण नगराध्यक्षावर खोटा आळ घेतला असे वाटताच त्यांच्यापुढे उभा राहून स्वतःच्याच बडतर्फीची मागणी करतो. त्या प्रसंगानंतर त्याला ढोंगी म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याची भीती अधिक वाटते.

आपला कोठावळाही घरच्यांना त्याच मापाने धान्य देतो. आजारी बायकोसाठी घेतलेली जास्तीची मूठ तो दारापर्यंत नेतो आणि परत पोत्यात टाकतो. आता लेखकाने एक रात्र लिहावी. बाहेर गर्दी नाही, आरडाओरडा नाही; बहिणीच्याच वयाची एक मुलगी रिकामे भांडे घेऊन एकटी दारात उभी आहे, आणि त्याचा हात किल्लीवर आहे.