जिना खचतो कुठून?

नमस्कार श्रोतेहो. खोताच्या वाडीतली बंगलीवजा घरं, वरळी कोळीवाड्यातले पोटमाळे, गिरगावच्या चाळी... मुंबईत लाकडी जिने अजून पुष्कळ आहेत. त्यातला एखादा एका बाजूला कलतो, भिंत आणि पायरी यांच्यात बोट जाईल एवढी फट पडते. मग घरातलं कुणीतरी पायरीवर दोन खिळे ठोकतं. करकर चार दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते.

होणारच. दुखणं बहुतेक वेळा पायरीत नसतंच. सगळ्या पायऱ्यांचं वजन दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्या पेलतात, आणि त्या फळ्या सडतात टोकांना. खालचं टोक फरशीवर टेकलेलं, आणि फरशी आपण रोज पुसतो. वरचं टोक भिंतीत, तिथे पावसाची ओल. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशी धरत नाही. पण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात तो तेवढा कसला राहतोय!

तेव्हा आधी जिन्याखालचं सामान काढा. गणपतीचं मखर, जुन्या बादल्या, सगळं. खालून बॅटरी मारून पाहा आणि फळीच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड संपलंय. वाळवी वरचा रंग शाबूत ठेवते, म्हणून नुसतं बघून भागत नाही.

लाकूड घट्ट लागलं, तर पाचरी बघा. जुन्या जिन्यात पायऱ्या बाजूच्या फळ्यांच्या खाचेत बसवलेल्या असतात आणि खालून पाचरी ठोकलेल्या असतात. लाकूड सुकून पाचरी गळतात, फळ्या बाहेर फाकतात, पायरी खाचेतून सुटते. इथे पायरीखालून आटे पाडलेली लोखंडी सळई आरपार घालायची, दोन्हीकडे मोठे वॉशर लावून नट आवळायचे. फळ्या जवळ आल्या की सरस लावून नव्या पाचरी. हे काम स्वस्तातलं आहे.

टोक सडलं असेल तर मात्र सुतार बोलवा. आधी जिन्यावरची ये-जा बंद. मग टेकू, त्याखाली जाड फळी, आणि जॅकने अगदी थोडं थोडं उचलायचं, तेही सलग एका दिवसात नाही. वर्षानुवर्षं खाली बसलेलं लाकूड एकदम वर ढकललं तर वरच्या भिंतीचं प्लॅस्टर तडकतं. घाई करणारा मिस्त्री मला तरी नको. सडका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून, बाजूला नवी फळी लांबवर जोडून नटबोल्टने आवळायची; खिळ्यांनी नाही. आणि खालच्या टोकाखाली कडप्प्याचा तुकडा, म्हणजे फरशीचं पाणी लाकडाला लागणार नाही.

लाकडासाठी रे रोडचा लाकूड बाजार आहेच. पाडलेल्या इमारतींमधलं जुनं सागवान मिळालं तर उत्तम, ते मुरलेलं असतं. फक्त आत रुतलेले खिळे तपासून घ्या, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. पायरी बदलताना उंची बाकीच्या पायऱ्यांइतकीच ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर सांगितली आहे. जुने जिने त्याहून उभे असतात, पण एकच पायरी वेगळी झाली की अंधारात पाय हमखास चुकतो.

हे सगळं घरातल्या जिन्याचं. चाळीच्या सामाईक जिन्याला स्वतः हात लावू नका. मुंबईच्या शहर विभागातली, म्हणजे उपनगरं सोडून, इमारत ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी असेल, तर अशी दुरुस्ती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जाते. अर्ज सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांनिशी द्या, फोटो जोडा आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.