दोन्हीकडे परका

श्रोतेहो, नमस्कार.

26 जुलै 1914. डब्लिनजवळच्या होथ बंदराला ‘अ‍ॅस्गार्ड’ ही शिडाची बोट लागली. आत होत्या जर्मनीहून आणलेल्या 900 जुन्या माउझर रायफली. केबिन त्यांनीच भरलेली, त्यामुळे झोपायच्या गाद्याही त्यांच्यावरच पसरलेल्या. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी उभ्या राहिलेल्या आयरिश स्वयंसेवक दलासाठी हा माल आणणारा अर्स्किन चिल्डर्स मात्र लंडनचा जन्म, बोअर युद्धात इंग्रजांकडून लढलेला, ब्रिटिश पार्लमेंटात कारकुनी केलेला. आणि गंमत पाहा, पुढच्याच महिन्यात महायुद्ध पेटलं तसा तो ब्रिटिश नौदलात दाखल झाला, जर्मनीविरुद्ध!

दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणावा, तर तसंही नाही. आई आयरिश. आईबापांचं छत्र गेल्यावर तो विक्लोमध्ये, ग्लेंडलॉकला आजोळच्या माणसांत वाढला. साम्राज्यात राहूनही आयर्लंडला स्वराज्य मिळेल, असं त्याला 1914 मध्ये खरोखर वाटत होतं. 1916 च्या डब्लिनमधल्या उठावानंतर इंग्रजांनी पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, तेव्हापासून तो विश्वास उडत गेला. नौदलात शौर्यपदक मिळवलेला हा माणूस 1919 मध्ये डब्लिनला येऊन राहिला. 1921 मध्ये ब्रिटिश सरकारशी झालेल्या वाटाघाटींत तो आयरिश शिष्टमंडळाचा सचिव होता. पण करारात ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ आली आणि तो विरोधात गेला. नव्याने आलेल्या माणसाचा हट्ट जरा जास्तच असतो, असं मला वाटतं.

आयरिश संसदेत, करार करून आलेल्या आर्थर ग्रिफिथ यांनी तर त्याला ‘इंग्रज’ म्हणून शिवीच हासडली. तिकडे चर्चिलच्या लेखी तो फितूर. कराराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या आयरिश लोकांत यादवी पेटली. नोव्हेंबर 1922 मध्ये, तो लहानाचा मोठा झाला त्याच घरात, आयरिश सरकारच्या सैनिकांनी त्याला पकडलं. गुन्हा काय, तर विनापरवाना पिस्तूल. ते छोटं पिस्तूल, पुढे कराराच्या बाजूने गेलेल्या मायकेल कॉलिन्सने, दोघं एका बाजूला असताना, भेट दिलेलं! अपिलाचा निकाल लागायच्या आतच, 24 नोव्हेंबरला त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी त्याने गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक सैनिकाशी हात मिळवला.

सोळा वर्षांच्या मुलाकडूनही त्याने वचन घेतलं होतं: माझ्या शिक्षेवर सही करणाऱ्या प्रत्येकाला शोधून त्याच्याशी हात मिळव. मुलाचं नावही अर्स्किनच. 1973 मध्ये तो आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.