क्रोनोग्राफचे मशीन बदलताना

मित्रहो, आजचा विषय मुद्दामच मर्यादित ठेवला आहे. मनगटी क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ, बंद पडले आणि घड्याळजींनी ‘याचे मशीनच बदलावे लागेल’ असे सांगितले, तर ते काम हौशी माणसाने घरच्या टेबलावर करावे का, आणि करायचे ठरवले तर कसे करावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या, क्रोनोग्राफचे मशीन बदलणे हौशी माणसाला जमण्यासारखे आहे. मात्र त्या कामात प्रत्यक्ष मशीन काढण्या-घालण्याला फारच थोडा वेळ लागतो. खरे काम काट्यांचे असते, आणि ज्याला काटे नीट काढता व बसवता येत नाहीत त्याने मागचे झाकण उघडूच नये.

मशीन दुरुस्त करण्याऐवजी सरळ बदलण्याची पद्धत कशी आली, हे थोडक्यात पाहू. सिकोने १९८३मध्ये ७ए२८ हे काट्यांचे पहिले क्वार्ट्झ क्रोनोग्राफ मशीन बाजारात आणले. त्यात चार स्वतंत्र मोटरी होत्या, १५ ज्युवेल, म्हणजे घर्षण कमी करणारे खडे, होते, आणि बांधणी धातूची असल्यामुळे ते पूर्ण उघडून, साफ करून, तेल देऊन पुन्हा जोडता येत असे. पुढे क्रोनोग्राफ स्वस्त होत गेले, प्लॅस्टिकचे भाग वाढले, आणि सुटे भाग मिळवून एकेक बसवण्याच्या मजुरीत अख्खे नवे मशीन येऊ लागले. तेव्हा मशीन बदलायला सांगणारा घड्याळजी आपल्याला फसवतो आहे असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा त्याचा हिशेब बरोबर असतो.

तरीही बदलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे सेल. सिल्व्हर ऑक्साइडचा नवा सेल सुमारे १.५५ व्होल्ट दाखवतो, आणि दुकानातून आणलेला प्रत्येक सेल नवाच असतो असे नाही, म्हणून मल्टिमीटर लावून खात्री करावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सिकोच्या ७टी मालिकेतील अनेक मशीनमध्ये सेल बदलल्यावर ‘एसी’ असे लिहिलेला संपर्कबिंदू आणि सेलची धन बाजू चिमट्याने क्षणभर जोडावी लागते, तेव्हाच आतले सर्किट नव्याने सुरू होते. ही एक कृती राहून गेल्यामुळे काटे वेडेवाकडे फिरतात किंवा हलतच नाहीत, आणि धडधाकट मशीन ‘मेले’ म्हणून भंगारात जाते. सेल गळून त्याचे क्षार सर्किटवर पसरले असतील किंवा मोटरच्या कॉइलची तार तुटली असेल, तर मात्र मशीन बदलणेच शहाणपणाचे. ही तार केसाहून बारीक असते. झाकण उघडल्यावर स्क्रूड्रायव्हर एकदा घसरला तरी ती तुटते, म्हणून तपासणी करतानाही हात स्थिर हवा.

नवे मशीन निवडताना एकच नियम पाळावा : जुन्या मशीनवर जो क्रमांक कोरलेला आहे, तोच क्रमांक आणावा. व्यास सारखा आहे म्हणून दुसरे मशीन चालेल, हा समज साध्या तीन काट्यांच्या घड्याळात कधीकधी निभावून जातो, क्रोनोग्राफमध्ये निभावत नाही. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनमधल्या ठरलेल्या भोकांतच जातात. डायलवरच्या छोट्या तबकड्यांच्या जागा मशीन ठरवते. व्हॅल्जू ७७५० या यांत्रिक मशीनमध्ये त्या १२, ६ आणि ९ वर असतात, तर सिकोच्या व्हीके६३मध्ये ३, ६ आणि ९ वर, त्यामुळे एकाची डायल दुसऱ्यावर बसणे शक्यच नाही. केसच्या बाजूची दोन बटणे आत ज्या तरफांवर दाबली जातात त्यांची उंचीही मशीनगणिक बदलते. इतकेच काय, एकाच क्रमांकाचे मशीन कधीकधी वेगवेगळ्या उंचीच्या मधल्या नळीसह, म्हणजे काटे जिच्यावर बसतात त्या नळीसह, मिळते. ती उंची चुकली तर काटे काचेला घासतात किंवा डायलला टेकतात. तारखेची चकती काळ्या डायलसाठी काळी आणि पांढऱ्या डायलसाठी पांढरी असते, हे तर हमखास विसरले जाते. जुने मशीन याच कारणासाठी लगेच टाकून देऊ नये. त्याची तारखेची चकती आणि चावीची दांडी कामास येते. क्रमांक तोच असेल तर जुनी दांडी चावीसकट नव्या मशीनमध्ये बसते आणि नवी दांडी कापून लांबी जुळवण्याचा त्रास वाचतो.

आता व्हीके६३चे उदाहरण घेऊन प्रत्यक्ष कामाकडे वळतो, कारण लहान उत्पादकांच्या अनेक क्रोनोग्राफमध्ये हे मशीन सापडते आणि ते सहज मिळते. त्याची रचना विशेष आहे. वेळ क्वार्ट्झवर चालते, पण क्रोनोग्राफचा मधला काटा सेकंदाला पाच ठोके घेत सरकतो, आणि शून्यावर येताना मोटरच्या बळावर न येता यांत्रिक हातोडीच्या फटक्याने क्षणात परततो. म्हणून याला मेकाक्वार्ट्झ म्हणतात. पुढे काटे बसवताना या हातोडीचा संबंध येणार आहे.

झाकण उघडून, दांडी सोडवण्याची खाच दाबून चावी बाहेर काढावी. चावी कोणत्या स्थितीत असताना ती खाच दाबायची हे त्या मशीनच्या तांत्रिक पत्रकात दिलेले असते आणि ते पाहिल्याशिवाय हात घालू नये. मशीनभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे काढून केस उलटी केली की मशीन आणि डायल एकत्र बाहेर येतात. आता काटे काढायचे. इथे एक भेद मनात पक्का करावा, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. काढताना आपण डायल आणि काटे जपायचे असतात, कारण जुने मशीन तसेही जाणारच आहे. बसवताना मात्र नवे मशीन जपायचे असते. म्हणून काढताना डायलवर पातळ प्लॅस्टिकची चिंधी अंथरावी, काट्याखाली दोन तरफा समोरासमोर सरकवाव्यात आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने काटा सरळ वर उचलावा. एकाच बाजूने उचलला तर काट्याची नळी वाकडी होते, आणि छोट्या तबकडीच्या काट्याची वाकलेली नळी पुन्हा सरळ करता येत नाही, असे समजूनच चालावे.

नव्या मशीनवर डायल बसवली की चावी फिरवत तारीख बदलण्याची नेमकी वेळ शोधावी. तारखेची चकती उडी घेते त्या क्षणी मशीनच्या दृष्टीने मध्यरात्र झालेली असते, आणि तास व मिनिट काटे त्याच वेळी १२ वर बसवायचे असतात. व्हीके६३मध्ये ३ वरच्या छोट्या तबकडीत २४ तासांचा काटा असतो. तो तास काट्याशी दातेरी चाकांनी जोडलेला असल्यामुळे त्याला वेगळे लावता येत नाही, म्हणून तोही याच क्षणी २४ वर बसवावा. हे सांभाळले नाही, तर दुपारी बारा वाजता घड्याळ मध्यरात्र दाखवते आणि तारीख भरदुपारी बदलते.

क्रोनोग्राफचे दोन काटे, म्हणजे मधला सेकंदाचा आणि ९ वरचा साठ मिनिटांचा, बसवण्याआधी बटणे दाबून मशीन शून्यावर आणावे, म्हणजे हातोडी त्यांचे अक्ष धरून ठेवते. मग भिंगातून पाहत काटा अगदी १२ च्या रेषेवर टेकवावा आणि सरळ खाली दाबावा. केवळ मोटरवर चालणाऱ्या, सिकोच्या ७टी९२सारख्या मशीनमध्ये चावी ओढून बटणांनी काटा एकेक पाऊल सरकवत शून्यावर आणता येतो. व्हीके६३मध्ये ती सोय नाही. अर्धा अंश चूक झाली तर दर वेळी परतताना काटा तीच अर्धा अंश चूक दाखवेल. शिवाय या काट्याला प्रत्येक वेळी हातोडीचा धक्का बसतो, म्हणून तो घट्ट बसलेला हवा. सैल काटा काही दाबांनंतर अक्षावरच फिरतो आणि शून्य सरकते. दाबताना मशीनच्या खालच्या बाजूला, नेमक्या मध्याखाली, आधार द्यावा, नाहीतर जोर आतल्या बारीक अक्षावर येतो. एकदा वाकलेल्या अक्षाचे नवे मशीन जुन्यापेक्षा बरे राहत नाही.

सगळे काटे बसले की डोळा डायलच्या पातळीवर आणून बाजूने पाहावे. सगळ्यात खाली छोट्या तबकड्यांचे काटे, त्यांच्यावर तास काटा, मग मिनिट काटा, आणि सगळ्यांच्या वर क्रोनोग्राफचा सेकंद काटा, आणि प्रत्येक जोडीत दिसण्याइतकी फट. चावीने पूर्ण बारा तास फिरवून पाहिल्याशिवाय केस बंद करू नये, कारण तास काटा छोट्या काट्याला कुठे अडतो ते फक्त त्याच एका जागी कळते.

यांत्रिक क्रोनोग्राफविषयीही मला नेहमी विचारले जाते, त्याचे उत्तर देतो. व्हॅल्जू ७७५०चा व्यास ३० मिलिमीटर, जाडी ७.९ मिलिमीटर, आणि सेलिटाचे एसडब्ल्यू५०० हे त्याच रचनेचे मशीन त्याच्या जागी बसते. तरीही माझा सल्ला असा की चांगल्या स्थितीतले ७७५० बदलू नये, सर्व्हिस करून घ्यावे. ते उघडून, साफ करून पुन्हा जोडण्यासाठीच बनवलेले आहे, आणि ते काम हौशी माणसाचे नाही, अनुभवी घड्याळजीचे आहे.

जुन्या, संग्राह्य घड्याळाचे मशीन बदलले तर ते विकताना खरेदीदाराला सांगायलाच हवे. डायल नव्याने रंगवून आणि भाग जमवून विकली जाणारी जुनी घड्याळे जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखतात. आपल्या शहराचे नाव अशा संदर्भात घेतले जाते याची मला खंत वाटते. बदल लपवला नाही, जुने मशीन डबीत घालून घड्याळाबरोबर दिले, तर त्यात गैर काहीच नाही.

आणि झाकण बंद करण्याआधी रबराची गॅस्केट पाहावी. चपटी झालेली किंवा कडक पडलेली असेल तर नवी घालावी, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा, आणि घड्याळावर १०० मीटर लिहिलेले असले तरी दाबचाचणी करून घेईपर्यंत ते पोहायला जाताना घालू नये.