चवथीनंतरचा सोमवार

नमस्कार मंडळी. व्यायाम सुरू कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून आज तिथून सुरुवात नको. आपल्या गोव्यात व्यायाम मोडण्याचे दिवस जवळजवळ ठरलेले असतात. जूनमध्ये पाऊस लागला की संध्याकाळचं चालणं बंद. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर माणसांनी भरलेलं. पुढे दिवाळी, मग गावोगावच्या जत्रा. खंड पडणार हे आधीच ठाऊक असतं, तरी आपण आखणी करतो ती वर्षाचे 365 दिवस एकसारखे असल्यासारखी. पहिला खंड पडला की सगळंच सुटतं, आणि घरचे त्याला आळस म्हणतात. मला त्यात आळसापेक्षा आखणीची चूक जास्त दिसते.

‘21 दिवसांत सवय लागते’ हे वाक्य मोबाइलवर फिरत असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर 12 आठवडे केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. रोजची एखादी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा 66 निघाला. कुणाला 18 पुरले, कुणाचा अंदाजी हिशेब 12 आठवड्यांच्याही पुढे, 254 पर्यंत गेला. पेलाभर पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय जमण्यात फारसा फरक पडला नाही. त्यामुळे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट आहे असं समजू नका.

या अभ्यासात प्रत्येकाने आपली कृती रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडली होती. ‘सकाळी सहाला’ म्हणण्यापेक्षा ‘पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला, पाव घेऊन ओट्यावर ठेवले, की लगेच बूट’ असं ठरवणं जास्त टिकतं. सहाचा गजर बंद करता येतो, पोदेर काही तुम्हाला विचारून येत नाही.

आता प्रत्यक्ष व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाता येत नाही. पावसात पणजीतल्या आल्तिन्याचा चढ किंवा चिऱ्यांच्या पायऱ्या यांच्या वाटेला जाऊ नका, शेवाळावर पाय सरकतो. इमारतीतला कोरडा जिना चालेल. उघडीप असताना मिरामारच्या किनाऱ्यावर गेलात तर ओल्या, घट्ट वाळूवर चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परता. उताराचा भार दोन्ही पायांवर सारखा वाटला जातो.

स्नायूंसाठी एकच गोष्ट नीट दाखवतो: खुर्चीवर बसणं-उठणं. खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. पाय खांद्यांइतके फाका. तीन आकडे मोजत खाली या, बूड टेकताच उठा. आठ वेळा, असे तीन फेरे, मध्ये दीड मिनिट थांबा. चूक बहुधा शेवटच्या चार बोटांत होते: माणूस तेवढं अंतर धपकन पडतो, कारण तिथे मांडीला सगळ्यात जास्त जोर लागतो. मग बैठकीवर घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवा. गुडघे आत वळत असतील तर पायांच्या बोटांच्या रेषेत ठेवा. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी बारा-बाराचे तीन फेरे नीट झाले की गोधडी काढा. जोडीला भिंतीवरचे दंड आणि पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढणं, एवढं पुरे. आठवड्यातून तीनदा, 25 मिनिटं.

याचाच एक तोकडा प्रकार आधी लिहून ठेवा: प्रत्येकाचा एकच फेरा, आठ मिनिटं. चवथीच्या दिवसांत तोच करायचा, आणि तो मोजायचा. पाहुण्यांच्या गर्दीत 25 मिनिटांचा हट्ट धरला की पदरी शून्य मिनिटं येतात.

तेही नाही जमलं, तर? इथेच बहुतेक घसरतात. दोन-तीन आठवडे सुटले तर ताकद जवळजवळ तशीच राहते. दम मात्र लवकर उतरतो, कारण रक्तातला द्रवभाग पहिल्या दोन आठवड्यांतच कमी होऊ लागतो. जिना चढताना धाप लागली की माणसाला वाटतं, सगळं गेलं. मग तो एका दिवसात भरपाई करतो. अंग दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं, म्हणजे सोमवारचा अतिरेक बुधवारी जिना उतरताना कळतो, आणि बुधवार बुडतो. माझा हिशेब असा: आठवडा सुटला तर जिथे होता तिथूनच, दोन-तीन आठवडे सुटले तर तीनऐवजी दोन फेरे, महिन्यावर गेलं तर निम्म्याने सुरुवात आणि तीन आठवड्यांत पूर्ववत. दोन्ही मांड्या जड, ठणकत असतील तर काम चालू ठेवा. एकाच सांध्यात टोचतं असेल, तर थांबा. छातीत दुखणं, चक्कर असा त्रास किंवा मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

चवथीनंतर लगेच वजनकाट्यावर चढू नका. नेवऱ्या, मोदक, खारट फराळ झाल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. दीड किलो वाढलेलं दिसेल, त्यात चरबी थोडीच. आठवडाभराने बघा.

घरी गेल्यावर दिनदर्शिकेत चवथीनंतरच्या पहिल्या सोमवारच्या चौकटीत लिहा: दोन फेरे, गोधडीसकट, पाव ओट्यावर ठेवल्यावर. ओल्या बुटांत आदल्या रात्रीच वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.