उत्तर येईपर्यंत

(दृश्य: वर्ग. बाकांवर छात्राध्यापक. प्राध्यापिका आत येतात, खडू उचलतात.)

आजचा पाठ गणिताचा. अपूर्णांक. समोर बसलेल्या सगळ्यांना अपूर्णांक येतात. पुढच्या वर्षी हीच मंडळी ते मुलांना शिकवणार आहेत. तरी पाचव्या मिनिटालाच मागच्या बाकावरची चुळबुळ बघा. खिडकीजवळची शेजारणीच्या वहीत डोकावतेय. एकाने पेनाचं टोपण काढायचं आणि लावायचं, एवढाच उद्योग सुरू केलाय.

मॅडम ज्या भाषेत शिकवताहेत, ती या खोलीत दुसऱ्या कुणालाही येत नाही.

(पाठाचा मूळ आवाज, वीस सेकंद.)

त्या एकाला उभं करतात. तो उभा राहतो, हसतो, नुसती मान हलवतो. त्या तोच प्रश्न पुन्हा विचारतात, जरा मोठ्याने. आवाज चढवला की परकी भाषा समजते, हा शिक्षकांचा फार जुना समज.

पंधरा मिनिटांनी खडू खाली ठेवला जातो. मॅडम आता सगळ्यांना कळेल अशा भाषेत विचारतात, "यातल्या किती जणांच्या वहीत मी ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारला असता?"

(चेहरे. निवेदन नाही.)

वर्गात कुणी देश बदलून आलेलं असतं, तर कुणी इथलंच असून घरी वेगळी भाषा बोलतं. काहींच्या घरी मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी शिस्त असते. पाठाचं टाचण मात्र बहुतेक वेळा एकाच मुलासाठी लिहिलेलं असतं. त्या मुलाचा हात नेहमी वर असतो.

(दृश्य: सरावपाठ. आठ मुलं, एक छात्राध्यापिका, कोपऱ्यात कॅमेरा.)

ही पद्धत नवी नाही. पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, त्याचं चित्रीकरण बघायचं आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. हे सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आलं. पुढे शिक्षक-प्रशिक्षणात ते जगभर रुजलं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा नुसता सोपस्कार झाला. इथे तसं झालेलं नाही, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन आलो.

छात्राध्यापिका प्रश्न विचारते. कडेला बसलेली मुलगी खाली बघते. "बरं, तू सांग," म्हणत प्रश्न पुढच्या मुलाकडे जातो. त्या क्षणी कुणालाच काही खटकलं नाही. आम्हालाही नाही.

आता तेच पडद्यावर. मॅडमनी चित्रफीत मागे नेली, हातात स्टॉपवॉच. प्रश्न संपला. बटण. "बरं, तू सांग." बटण. पुरता एक सेकंदही भरला नाही.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शेकडो वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या. शिक्षक उत्तराची वाट सरासरी एक सेकंद बघत होते. ती वाट तीन सेकंदांवर नेली, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेत यायला ज्या मुलाला मनातल्या मनात एक उडी घ्यावी लागते, त्याचा एक सेकंद तर त्या उडीतच जातो.

पाठ दुसऱ्यांदा. छात्राध्यापिकेचा पाठीमागे धरलेला हात बघा. एक बोट मिटलं. दुसरं. तिसरं.

(मुलीचं उत्तर, मूळ आवाजात. पूर्ण ठेवा, कापू नका.)

पण नुसतं थांबून सगळं होत नाही. ओरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या मूळनिवासी मुलांवरचा सुसान फिलिप्स यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या वर्गासमोर एकट्याला उभं केलं की ही मुलं गप्प व्हायची. गटात बसवलं, की तीच मुलं भरपूर बोलायची. हवाईत उलट पेच. तिथली मुलं घरी एकमेकांच्या बोलण्यात बोलत, मिळून गोष्ट सांगत. वर्गात त्यालाच गोंगाट म्हटलं जाई. वाचनाच्या तासाला तशा बोलण्याला जागा दिली, तेव्हा वाचन सुधारलं. म्हणजे एका वर्गात थांबायचं आणि दुसऱ्यात मुलांना एकदम बोलू द्यायचं. कुठे काय करायचं, हे टाचणात लिहिलेलं नसतं. त्यासाठी मुलांकडे बघत बसावं लागतं.

(दृश्य: दोन छात्राध्यापक रस्त्याने चालताहेत. हातात वही.)

ही गृहभेट. घरात आम्ही कॅमेरा नेला नाही. १९९० च्या सुमारास अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये शिक्षक मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या घरी गेले ते सल्ला द्यायला नव्हे, शिकायला. शेती, खाणकाम, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती यांची केवढी तरी माहिती त्या घरांमध्ये होती, आणि शाळेला तिचा पत्ता नव्हता. इथली गृहभेट त्याच वाटेने जाते. मॅडमचा नियम एकच: वहीत विशेषण लिहायचं नाही.

(वहीचं पान, जवळून.)

"आई अबोल" खोडलंय. त्याखाली: "आई आमच्याशी दोन वाक्यं बोलली, धाकटीशी सतत बोलत होती." "घरात अभ्यासाचं वातावरण नाही" हेही खोडलंय. त्याखाली: "मुलगा वडिलांना लाकडाची मापं घेऊन देतो. अर्धा, पाव बरोबर सांगतो."

तोच मुलगा वर्गात अपूर्णांकांना अडतो. मैदानावर शाळेची भाषा फाडफाड बोलतो, म्हणून त्याचं अडणं शिक्षकांना आळस वाटतं. कॅनडातले जिम कमिन्स यांनी हा चकवा दाखवून दिला: बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात.

नेमणूक झाल्यावर भरलेला वर्ग आणि संपवायचा अभ्यासक्रम समोर असताना यातलं किती टिकतं, ते पाहायला आम्हाला पुन्हा यावं लागेल.

(दृश्य: आंतरवासितेचा, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष उमेदवारीचा, पहिला दिवस. हजेरीपट.)

छात्राध्यापक एका नावाशी अडखळतो. चुकतो. वर्ग हसतो. तो हजेरीपट घेऊन त्या मुलीच्या बाकापाशी जातो आणि म्हणतो, "तू म्हणून दाखव." ती म्हणते. तो पुन्हा चुकतो. नावावर पेन्सिलीने काहीतरी खूण करतो. पुन्हा म्हणतो.

चौथ्या खेपेला ती मान डोलावते.

(तिचा चेहरा. मग अंधार.)