एप्रिलमध्ये रामनदीत कुणाचं पाणी वाहतं?

[दृश्य: खाटपेवाडीचा डोंगरउतार, कोरडी घळ]

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात खाटपेवाडीजवळ रामनदीचा उगम आहे. भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी, बाणेर असं करत ती औंधजवळ मुळा नदीला मिळते. लांबी सुमारे 19 किलोमीटर. सकाळी उगम, दुपारी संगम, असं एका दिवसात बघून होतं. मुलांना पाणलोट, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी नदीत येतं तो भाग, समजावून सांगायला याहून सोयीची नदी कुठली!

आधी नकाशा. समोच्च रेषांचं (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचं) टोक जास्त उंचीच्या आकड्याकडे वळलं तर तिथे ओढा, कमी उंचीकडे वळलं तर डोंगराची सोंड. हे हमखास उलटं वाचलं जातं आणि मग पाणलोटाची हद्दच चुकते. हद्द आखली की आपली सोसायटी आत येते का ते बघा. पावसाचं पाणी उतार बघून जातं, सांडपाणी मात्र पाइप नेईल तिकडे.

[दृश्य: पुलाखाली दोरी ताणलेली, पाण्यात लिंबू]

आता प्रवाह मोजू. शक्यतो एप्रिलमध्ये, पाऊस नसताना. सरळ वाहणारा 10 मीटरचा तुकडा निवडा आणि लिंबू सोडा. लिंबू बरंचसं बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, थर्माकोलला ढकलतो. तीनदा सोडून सरासरी काढा. समजा 40 सेकंद लागले, पात्र 2 मीटर रुंद, सरासरी खोली 15 सेंटीमीटर. तळाशी पाणी संथ असतं, म्हणून वेग 0.8 ने गुणायचा. उत्तर येतं सेकंदाला 60 लिटर.

असंच खालच्या पुलावर मोजा. मध्ये ओढा मिळत नाही, तरी आकडा चांगलाच वाढला? मग सांडपाणी सोडणारा पाइप शोधायचा. दोन्ही मोजण्या लागोपाठ करा. सकाळी घराघरांत पाणी जास्त वापरलं जातं, तेव्हा सांडपाणीही वाढतं.

[दृश्य: बाटली जवळून]

विरघळलेल्या ऑक्सिजनची चाचणी. 300 मिलिलिटरची बाटली पाण्याखालीच भरा, बुडबुडा राहू देऊ नका; राहिला तर हवेतला ऑक्सिजन मिसळून आकडा फुगतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड प्रत्येकी 2 मिलिलिटर. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही, पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून ऑक्सिजन किती ते मोजणं, करायची गरजच नाही. साका विरघळवायला लागणारं गंधकाम्ल मोठ्यांनीच हाताळायचं, हातमोजे आणि चष्मा घालून. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली मासे तग धरणं अवघड. दुपारी शेवाळामुळे ऑक्सिजन वाढतो, म्हणून दर महिन्याला वेळ तीच ठेवा.

दगड उलटून बघा. लालचुटुक, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाण्यात ऑक्सिजन कमी. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर काठावर बसून नोंदी घ्या, लेप्टोच्या (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) वाटेला जाऊ नका.

पाइप सापडला की फोटो, अक्षांश-रेखांश, पाइपचा व्यास आणि तीर लिहा. प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला डावा तीर. भूगावच्या बाजूला अर्ज ग्रामपंचायतीकडे, बाणेर-औंधला महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात. हद्दीजवळचा पाइप असेल तर दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या.