परडीतलं पीठ

पहाटेचे पाच, मंगळवार. कोल्हापुरातल्या सुतारवाड्यातल्या या खोलीत लाइट गेलीय म्हणून आज्जींनी दिवा लावलाय, आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्याला ते बरंच झालं.

कोपऱ्यातला तो पत्र्याचा डबा बघा. तळाला मूठभर पीठ आहे, तेवढं आज्जी कधीच काढत नाहीत. ‘पीठ संपलं’ असंही म्हणत नाहीत, ‘वाढलं’ म्हणायचं. आमचा एकजण चुकून संपलं म्हणून गेला, तेव्हाची आज्जींची नजर ही अशी.

आता परडी, म्हणजे देवीच्या नावाची ही टोपली. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला भंडारा, आणि मंगळवार-शुक्रवार देवीच्या नावानं पाच घरं मागायची, हाच जोगवा. आज्जींचा हिशोब पाचाचाच, सहाव्या दारात त्या थांबत नाहीत, मग परडीत काही का पडलेलं असेना.

(फक्त आवाज: उदं गं आई उदं)

पहिल्या घरी ज्वारी, दुसरीकडं नाचणी, तिसरीकडं गहू, चौथ्या घरची पोरगी झोपेतनं उठून आलीय, वाटीच सापडत नाही तिला. जवळनं बघा, पांढरं, करडं, तांबूस पीठ एकमेकांत मिसळत चाललंय आणि वर मिठाचा एक खडा.

2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43, आज्जींचं घर पाण्यात गेलं, मुलाचं कामही सुटलं. तेव्हाचं आमच्याकडं काहीच शूट नाही. आसऱ्याला चित्रदुर्ग मठात जाताना एका हातात परडी होती आणि दुसऱ्या हातात हाच डबा, पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.

“मंगळवार आला, आता हितं कुणाकडं मागू म्हणून बसले हुते. शेजारच्या सतरंजीवरची पोरगी आली, तिला पाकिटातनं पोहे मिळालं हुतं, त्यातलं मूठभर घातलं बघा परडीत. म्हटलं, आली आई.”

पोह्याचा जोगवा आम्ही तरी पहिल्यांदाच ऐकला.

हा शॉट आंबील यात्रेच्या आदल्या रात्रीचा. साठवलेलं ज्वारीचं पीठ ताकात कालवलं, मडक्यावर फडकं बांधलं, चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी फडकं सोडल्यावर तो आंबूस वास पडद्यावर दाखवता येत नाही हो, पण हे बुडबुडे बघा. गंजात, म्हणजे या उभ्या पातेल्यात, पाण्याला आधण आलंय, त्यात आंबवलेलं पीठ बारीक धारेनं सोडायचं आणि पळी थांबवायची नाही, थांबली की गुठळी झालीच. वर परत ताक, ठेचलेला लसूण, जिरं, आलं, कोथिंबीर. चव बघायची नाही, आधी देवीला. एवढ्याशा पिठाचा गंज भरतो, आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेहून देवीचे जग, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या देवीच्या टोपल्या, परत आले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात ही गर्दी होते. वडी-भाकरी, कांद्याची पात, गाजर, वांग्याची भाजी, डोक्यावर बुट्ट्या घेतलेल्या बायका. आज्जींचा गंज त्यात सगळ्यात लहान.

नैवेद्य दाखवून झाला. आज्जी वाटायला बसल्यात, जो येईल त्याला. आमच्या कॅमेरावाल्यानं एक गिलास पिऊन खाली ठेवला, तर त्यांनी तो लगेच परत भरला.

“एकावर उठू न्हाई बाळा. घे.”

गंजात पळी आता तळाला लागतेय. रांग अजून कमानीपर्यंत आहे.